विहिरीत दीड हात पाणी: महू तहसिलीतल्या एका बंद मर्गाचा फेरतपास

हे प्रकरण शिकवण्यासाठी रचले आहे. माणसे, गाव आणि घटनाक्रम कल्पित आहेत. कायदे, निकाल आणि मध्य प्रदेशातल्या सरकारी दफ्तरांची वहिवाट मात्र खरी आहे.

मे २००३ मध्ये इंदूर जिल्ह्याच्या महू तहसिलीतल्या एका गावात विहिरीत चाळिशीतल्या माणसाचे प्रेत सापडले. माणूस महार-बौद्ध आणि भूमिहीन. दिग्विजयसिंह सरकारने चरनोई, म्हणजे गायरान जमिनीचा राखीव हिस्सा घटवून दलित-आदिवासींना पट्टे वाटले, तेव्हा त्याला एक हेक्टरचा पट्टा मिळाला होता. पट्टा कागदावर होता. जमीन दुसराच कसत होता. पोलिसांनी मर्ग, म्हणजे अकस्मात मृत्यूची नोंद, कायम केला, 'पाय घसरून विहिरीत पडला, बुडून मृत्यू' असे लिहिले आणि दोन महिन्यांत नस्ती बंद केली. २०२४ मध्ये मुलीने इंदुरातल्या एका मराठी गुप्तहेर बाईंना काम दिले. वडील गेले तेव्हा ती नऊ वर्षांची होती. आता परदेशीपुऱ्यात राहते. तिचा पहिला प्रश्न होता, "ताई, कोणी मारलं ते शोधाल का?"

बाईंनी ते काम घेतले नाही. मुलीशी झालेल्या लेखी करारात काम असे ठरले: हा मृत्यू गुन्हा म्हणून कधी नोंदलाच गेला नाही, तो नोंदवून घेण्याइतके कागद आणि साक्षीदारांची यादी उभी करायची. फी टप्प्याटप्प्याने, ठरलेली. निकालावर अवलंबून एक पैसाही नाही, कारण जिंकल्यावर पैसे मिळणाऱ्या माणसाची साक्ष उलटतपासात पाच मिनिटे टिकत नाही.

खासगी गुप्तहेराला अधिकार किती, हे पक्षकाराला पहिल्याच बैठकीत सांगावे. भारतात या धंद्याला परवाना देणारा स्वतंत्र कायदा नाही. २००७ मध्ये राज्यसभेत मांडलेल्या विधेयकाचा कायदा झाला नाही. गुप्तहेराला अटक, झडती, जप्ती यांपैकी काहीच करता येत नाही, आणि मोबाईलचा सीडीआर (कोणाचा कोणाला कधी फोन झाला याची नोंद) मिळवणे तर थेट गुन्हा. २०१८ मध्ये ठाणे पोलिसांनी सीडीआर विक्रीच्या प्रकरणात खासगी गुप्तहेरांना अटक केली, ती याचमुळे. 'तहसिलीतून आलेय' असे सांगून गावात शिरणे हेही सरकारी नोकराचे सोंग धरल्याच्या गुन्ह्यात बसते. उरते ते एवढेच: वारसाच्या सहीने मागता येणारे कागद, आणि राजीखुशीने बोलणारी माणसे.

मर्ग म्हणजे एफआयआर नव्हे

अशा प्रकरणात बहुतेक वकीलसुद्धा पहिल्यांदा 'खात्मा रिपोर्ट', म्हणजे तपास बंद करण्याचा अहवाल, शोधतात. इथे तो असणारच नव्हता. एफआयआर झाला असता, तर तपासाअंती खात्मा किंवा खारिजी (तक्रारच रद्द ठरवणारा अहवाल) न्यायालयात गेली असती आणि ती मान्य करण्याआधी तक्रारदाराला नोटीस द्यावी लागली असती. भगवंतसिंह प्रकरणात १९८५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे ठरवून दिले आहे. मर्ग हा जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १७४ खालचा मृत्यूच्या कारणाचा शोध. तो पोलीस आणि एसडीएम (उपविभागीय दंडाधिकारी) यांच्यात सुरू होतो आणि त्यांच्यातच संपतो. न्यायालयाला पत्ता लागत नाही, घरच्यांना नोटीस जात नाही. गावातल्या दलिताचा संशयास्पद मृत्यू गाडायचा असेल, तर खात्म्यापेक्षा मर्ग सोयीचा पडतो. प्रकरण पुराव्याअभावी थंडावलेले नव्हते, ते तापूच दिलेले नव्हते. आता करायची ती नव्या गुन्ह्याची नोंद. जुना तपास उघडण्याचा प्रश्नच नाही. कुठे, कोणता अर्ज करायचा हे सगळे यावरून ठरते.

बाईंनी माहिती अधिकाराचा पहिला अर्ज केला तोवर घटनेला २० वर्षे उलटली होती. हे महत्त्वाचे, कारण कायद्याच्या कलम ८(३) नुसार अर्जाच्या तारखेपासून २० वर्षांपूर्वीच्या घटनेची माहिती, थोडे अपवाद वगळता, द्यावीच लागते. 'तपासात अडथळा येईल' किंवा 'तिसऱ्या माणसाची खासगी बाब' ही नेहमीची दोन उत्तरे तिथे चालत नाहीत. अर्ज मुलीच्या नावाने, १० रुपये शुल्क, आणि अर्जातच कलम ८(३) चा उल्लेख. मागितले ते असे: मर्ग इंटिमेशन (मृत्यूची पहिली खबर), नक्शा पंचायतनामा (प्रेताचा आणि जागेचा पंचनामा), शवविच्छेदन अहवाल, त्या आठवड्याचा रोजनामचा सान्हा (पोलीस थान्याची दैनंदिनी), विसरा (तपासणीसाठी काढलेले अवयवांचे नमुने) पाठवल्याचे पत्र, मालखान्याची (जप्त वस्तूंच्या कोठाराची) नोंद.

थान्याचे उत्तर तिसाव्या दिवशी आले: अभिलेख उपलब्ध नाही. इथे बहुतेक लोक थांबतात. बाईंनी नवा अर्ज केला, पण त्यात मर्ग पुन्हा मागितलाच नाही. ज्या नोंदीने तो नष्ट केला त्या नष्टीकरण पंजीची (नोंदवहीची) प्रत मागितली. अभिलेख नष्ट झाला असेल तर नोंद असली पाहिजे, आणि नोंद नसेल तर तो गहाळ आहे. गहाळ झाल्याचे लेखी उत्तर न्यायालयात 'नष्ट केला' पेक्षा कितीतरी बोलके ठरते.

त्याच वेळी दुसरीकडे अर्ज गेले. मर्गाचा अहवाल एसडीएम कार्यालयातही जातो आणि शवविच्छेदनाची प्रत रुग्णालयात राहते. एसडीएमच्या दफ्तरात पूर्ण संच मिळाला. माहिती अधिकाराच्या छायाप्रतीवर न थांबता मुलीने तिथूनच प्रमाणित प्रती काढल्या, कारण न्यायालयात पुढे करायच्या त्या प्रमाणितच असाव्यात.

पंचायतनाम्यातला आकडा

नक्शा पंचायतनाम्यात लिहिले होते: विहीर अंदाजे ३० हात खोल, पाणी दीड हात, बांधीव, पायऱ्या नाहीत. हात म्हणजे साधारण दीड फूट. खोली ४५ फूट आणि पाणी सव्वादोन फूट. माळव्यात मेमध्ये उथळ विहिरींची हीच गत असते. शवविच्छेदनात डोक्याच्या मागे ४ बाय १ सेंटिमीटरची एक जखम, अस्थिभंग नाही, फुप्फुसे जड आणि फेसाळ, मृत्यूचे कारण बुडणे. श्वासनलिकेत चिखल किंवा वाळू होती का, याबद्दल एक शब्द नाही. डायटम तपासणी (पाण्यातले सूक्ष्म शैवाल शरीरात गेले का, ही चाचणी) केलेली नाही. विसरा फक्त विषासाठी सागरच्या राज्य न्यायवैद्यक प्रयोगशाळेत गेला आणि विष नाही असा अहवाल आला.

पंचेचाळीस फुटांवरून गुडघाभर पाण्यात पडलेल्या माणसाचे एकही हाड मोडत नाही, ही पहिली विसंगती. ती मिळाली म्हणून लगेच 'खून सिद्ध' म्हणण्याचा मोह आवरावा लागतो. मत एका निवृत्त न्यायवैद्यक प्राध्यापकांकडून घेतले, तेही तीन नेमक्या प्रश्नांवर: अशा पडण्यात अस्थिभंग नसणे कितपत संभवते, जखम मृत्यूपूर्वीची होती हे या वर्णनावरून सांगता येते का, आणि बुडण्याचे निदान कशावर टेकले आहे. उत्तरे सावध होती. अस्थिभंग नसणे विरळ आहे, अशक्य नाही. जखमेच्या कडांचे आणि आतल्या रक्तस्रावाचे वर्णन नसल्याने ती आधीची की नंतरची सांगता येत नाही. फुप्फुसांच्या अवस्थेवरून बुडणे संभवते. पण माणूस बुडण्याआधी बेशुद्ध होता का, हे तपासलेले नाही. एफआयआरसाठी एवढे पुरते. शिक्षेसाठी नाही, आणि प्रेताचे दहन झाले असल्याने शरीरातून पुढे काही मिळणारही नाही. हे मुलीला त्याच दिवशी स्पष्ट सांगितले गेले.

विहीर आज जाऊन मोजण्याला फारसा अर्थ नसतो. आजूबाजूला बोअर झाल्याने पाण्याची पातळी बदललेली असते, गाळाने खोलीही बदलते. २००३ मधले पाणी सांगणारा एकमेव पुरावा २००३ चा पंचायतनामा, आणि तो पुढे ज्यांच्यावर संशय गेला त्यांच्याच माणसांनी पंच म्हणून सह्या करून ठेवलेला. त्यामुळे तो खोटा म्हणण्याची सोय त्यांना राहत नाही.

सीमांकनाची तारीख

खरा सांधा जमिनीच्या कागदांत निघाला. पट्टा आदेशापासून आजवरचे सगळे पंचसाला खसरे (पाच-पाच वर्षांचे जमिनीचे उतारे), नामांतरण पंजी (फेरफार नोंदवही) आणि राजस्व प्रकरणांची यादी अशा नकला काढल्या. तीन गोष्टी एकमेकींशेजारी ठेवल्यावर चित्र बदलले.

पहिली: पट्ट्याच्या आधी त्याच सर्व्हे नंबरावर गावातल्या एका वजनदार शेतकऱ्याला भू-राजस्व संहितेच्या कलम २४८ खाली अतिक्रमणाचा दंड झाला होता. म्हणजे जमिनीवर आधीपासून कोण बसले होते, हे सरकारी कागदावरच लिहिलेले. दुसरी: मृताने कलम १२९ खाली सीमांकनाचा अर्ज केला होता, आणि मोजणीची तारीख मृत्यूनंतर चौथ्या दिवसाची होती. नोटीस शेजारच्या कब्जेदारांना, त्या शेतकऱ्यालाही, बजावलेली, पावतीवर सही. मोजणीच्या दिवशी पटवाऱ्याने लिहिले, 'आवेदक अनुपस्थित, प्रकरण नस्तीबद्ध'. पंचायतनाम्यावर ज्या पटवाऱ्याची सही, त्याचाच हा शेरा. आवेदक का नव्हता, हे त्याला ठाऊक असणारच. तिसरी: २००६ मध्ये विधवेने ही जमीन त्या शेतकऱ्याच्या पुतण्याला विकल्याची रजिस्ट्री. सरकारी पट्ट्याची जमीन कलम १६५(७-ब) नुसार कलेक्टरच्या परवानगीशिवाय विकता येत नाही आणि खसऱ्याच्या कैफियतीत (शेऱ्याच्या रकान्यात) 'अहस्तांतरणीय' अशी नोंद असते. ती नोंद पुढच्या पंचसाल्यात गायब. परवानगीचा पत्ता नाही. आणि रजिस्ट्रीवर विधवेचा अंगठा.

मुलीची आई चौथी शिकलेली आहे. रेशन कार्डापासून शाळेच्या दाखल्यापर्यंत सगळीकडे तिची सही आहे. "अंगठा कशाला देईन मी? नाव लिहिता येतं मला," एवढेच ती म्हणाली. उप-पंजीयक कार्यालयात अंगठ्यांची नोंदवही स्वतंत्र असते. मूळ ठसा तिथे मिळाला तर तुलना होऊ शकते. पण ती तुलना तपासी अधिकाऱ्याने करून घ्यावी. बाईंनी आईचा ठसा स्वतः घेतला नाही आणि ते बरोबर केले. खासगी हाताने घेतलेला नमुना पुढे वादाचाच ठरतो.

ज्यांना कोणी विचारले नाही

मर्गात सात जबाब होते, सगळे पुरुषांचे. विधवेचाही नाही. गुप्तहेर स्त्री असण्याचा उपयोग इथे झाला. हापशावर, सोयाबीनच्या निंदणीत, एखाद्या घरच्या नामकरणात बाया बोलतात, आणि तिथे पुरुष तपासनीस दोन मिनिटेही उभा राहू शकत नाही. बाईंचे आडनाव ब्राह्मणी. ते गावात आधी विचारले गेले आणि त्याने एक दार उघडले, दुसरे लोटले. पुढारलेल्या घरांतले पुरुष 'आपली' समजून पट्टे मिळालेल्यांविषयी जे बोलले ते त्यांनी अजाक थान्यात (अनुसूचित जाती-जमातींसाठीच्या पोलीस थान्यात) कधी उच्चारले नसते. दलित वस्तीत मात्र पहिल्या तीन भेटींत चहापलीकडे काही मिळाले नाही. मुलीच्या मावशीने मध्ये पडून ओळख करून दिल्यावरच बोलणे सुरू झाले.

वीस वर्षांपूर्वीची तारीख कोणाला आठवत नाही, आणि थेट तारीख विचारली की साक्षीदार अंदाज ठोकतो. तो अंदाज उलटतपासात खोटा पडतो. म्हणून खुणा वापरल्या: उज्जैनच्या सिंहस्थाच्या आधीचा उन्हाळा (सिंहस्थ २००४ मध्ये झाला), विजेच्या भारनियमनाचे दिवस, घरातले कोणाचे लग्न, कोणाचा जन्म. प्रश्न उघडे ठेवले: "त्या दिवशी संध्याकाळी तुम्ही कुठे होतात?" 'अमुक माणसाला पाहिले का' असा एकही प्रश्न नाही. प्रत्येकीशी वेगळे बोलणे, विधवा किंवा मुलगी समोर नाही, विचारलेला प्रश्न शब्दशः वहीत. ध्वनिमुद्रण सांगून केले, मूळ फोन वेगळा बाजूला ठेवला आणि फाईलचे हॅश मूल्य (फाईल बदललेली नाही हे दाखवणारा तिचा अंकी ठसा) त्याच दिवशी लिहिले, कारण भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ च्या प्रमाणपत्रात ते द्यावे लागते.

एका म्हातारीने सांगितले की त्या संध्याकाळी मृत दोघांबरोबर चरनोईकडे चालला होता, आणि दुसऱ्या दिवशी तिला त्याच्या चपला विहिरीपासून दूर, शेताच्या बांधावर मिळाल्या. त्या तिने कोटवाराला (गावच्या सरकारी चौकीदाराला) दिल्या. पंचायतनाम्यात चपलांचा उल्लेखच नाही. 'पाय घसरून' पडलेल्याच्या चपला ना पायात, ना काठावर.

कोटवार हा या प्रकरणाचा सगळ्यात अवघड माणूस. मर्गाची सूचना त्याचीच, पंचायतनाम्यावर अंगठा त्याचाच, आणि तो स्वतः दलित. कोटवाराला पगाराऐवजी किंवा पगाराबरोबर सेवाभूमी कसायला मिळते. पटवारी-तहसीलदारांची मर्जी गेली तर नोकरीवर गदा आणि जमीनही धोक्यात. तो दोनदा भेटला, दोनदा म्हणाला, "मॅडम, मेरी सेवाभूमि चली जाएगी।" चपलांविषयी ना हो, ना नाही.

अशा वेळी नवखा गुप्तहेर नोटरीकडे नेऊन शपथपत्र करून घेतो. याच्याइतके नुकसान करणारे काही नाही. शपथपत्र हे साक्षीदाराचे आधीचे विधान होते, आणि पुढच्या प्रत्येक जबाबाशी त्याची ओळ न ओळ ताडून बचाव पक्ष विसंगती काढतो. दंडाधिकाऱ्यापुढे थेट जबाब नोंदवायलाही जाता येत नाही; तपासी अधिकाऱ्याने न पाठवलेल्या माणसाला तो मार्ग नाही, असे जोगेंद्र नाहक प्रकरणात (१९९९) ठरले आहे. म्हणून बाईंनी एकही सही घेतली नाही. तयार केली ती यादी: कोण, कशाविषयी सांगू शकेल, कोणाला कशाची भीती आहे.

अर्ज कसा बांधला

अॅट्रॉसिटी कायद्याचे कलम ३(२)(पाच), म्हणजे अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्तीविरुद्धच्या गंभीर गुन्ह्याला वाढीव शिक्षा, लावताना तारीख विसरू नये. २०१६ पासून लागू झालेल्या दुरुस्तीने 'ती व्यक्ती अनुसूचित जातीची आहे हे माहीत असताना' एवढे पुरते. २००३ च्या कृत्याला मात्र जुनाच मजकूर लागतो: गुन्हा 'त्या कारणावरून' झाला असला पाहिजे. मध्य प्रदेशातल्याच खुमानसिंह प्रकरणात (२०१९) केवळ मृत अनुसूचित जातीचा असणे पुरेसे नाही, असे सर्वोच्च न्यायालय म्हणाले. बचाव 'जमिनीचा वाद' असाच असणार. त्याला उत्तर पट्टा आदेशात आहे: जमीन मिळण्याचा आधारच जात, आणि मृत्यूपूर्वी अजाक थान्यात दिलेल्या अर्जात जातिवाचक शिवीगाळ व किराणा बंद केल्याची तक्रार. या अर्जाची आवक क्रमांकाची प्रत विधवेच्या पिशवीत होती. तिने मृत्यूनंतर महिन्याभरात दिलेल्या दुसऱ्या अर्जाचीही. या दोन शिक्क्यांमुळे 'एकवीस वर्षे गप्प का बसलात' या प्रश्नातली हवा निघून गेली. तरीही मूळ कलम खुनाचेच. ३(२)(पाच) त्याच्या आधाराने उभे राहते, उलटे नाही.

जातीचा दाखला आधीच काढला. मध्य प्रदेशात अनुसूचित जातीसाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीच्या वास्तव्याचा पुरावा मागतात, आणि महाराष्ट्रातून आलेल्या कुटुंबांचे इथेच अडते. आजोबांचा महूच्या शाळेतला दाखिल-खारिज उतारा मिळाला आणि प्रश्न सुटला. कागदांवर धर्म 'बौद्ध' असल्याचा मुद्दा १९९० च्या दुरुस्तीपासून राहिलेला नाही, तरी तो उपस्थित होतोच. उत्तर अर्जातच द्यावे.

मुलीला पोलिसांवर कारवाई हवी होती. कर्तव्यात कसूर करणाऱ्या सरकारी नोकराला अॅट्रॉसिटी कायद्याच्या कलम ४ मध्ये जास्तीत जास्त एक वर्षाची शिक्षा, म्हणून दखल घेण्याची मुदतही एका वर्षाची. ती केव्हाच संपली. विलंब माफ करण्याची तरतूद आहे, पण त्यावर प्रकरण टांगणे शहाणपणाचे नव्हते. खून आणि खोटा दस्त यांना मात्र मुदत नाही.

क्रम असा: आधी थान्यात लेखी तक्रार, मग इंदूर ग्रामीणच्या पोलीस अधीक्षकांना टपालाने, दोन्हींच्या पोचपावत्या जपून, आणि नंतरच भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७५(३) खाली शपथपत्रासह विशेष न्यायालयात अर्ज. प्रियांका श्रीवास्तव निकालापासून (२०१५) यातली एक पायरी चुकली तरी अर्ज फेटाळला जातो. कृत्य २००३ चे म्हणून कलमे भारतीय दंड संहितेची, प्रक्रिया नव्या संहितेची. अर्जात ही सरमिसळ झाली की पहिल्याच तारखेला आठवडे वाया जातात.

अर्ज दाखल होताच समोरून तडजोडीचा निरोप आला: जमीन परत, वर रोख. जमिनीचा मामला कलेक्टरपुढे तसाही जिंकण्याजोगा होता. तडजोडनाम्याच्या मसुद्यात तिसऱ्या पानावर 'मृत्यूबाबत आमची कोणतीही तक्रार नाही' अशी ओळ होती. खुनाचा गुन्हा तडजोडीने मिटत नाही, पण सहीची ही ओळ पुढे साक्षीदाराविरुद्ध वापरली जाते. आईने सही केली नाही.

न्यायालयाने गुन्हा नोंदवण्याचा आदेश दिला. अॅट्रॉसिटी कायद्याखालच्या १९९५ च्या नियमांतल्या नियम ७ प्रमाणे तपास उपअधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याकडे गेला. कोटवारासाठी साक्षीदार संरक्षण योजना, २०१८ खाली अर्ज झाला. त्यात जिवाच्या भीतीबरोबर सेवाभूमीच्या फेरफारावर नजर ठेवण्याची मागणीही घातली. त्यानंतर त्याने दंडाधिकाऱ्यापुढे चपलांविषयी जबाब दिला.

बाईंचे गावात जाणे आदेशाच्या दिवशी थांबले. मुलीने दोनदा विनवले, "ताई, एकदा त्या म्हातारीला भेटून या ना." त्या गेल्या नाहीत, तपास सुरू असताना साक्षीदाराला भेटणारा गुप्तहेर साक्षीदार फोडल्याच्या आरोपाला आमंत्रण देतो. मूळ फोन, प्रश्नांची वही, हॅशची नोंद आणि नावांची यादी पावती घेऊन उपअधीक्षकांच्या हवाली केली, आणि स्वतःचा जबाब दिला.